मावशींच्या तळपायातली लाल गाठ : पोरोमा ओळखतात कसा

आधी गाठ कशी दिसत होती ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

डाव्या पायाचा तळवा. टाचेच्या थोडं पुढे, आतल्या कडेला. वाटाण्याहून जरा मोठी, मोजली तेव्हा 12 मिलिमीटर भरली. रंग लालसर गुलाबी, ओल्या मांसासारखा. वरून गुळगुळीत, एका कडेला वाळलेल्या रक्ताची खपली. आणि गाठीच्या सभोवार एक बारीक खाच. झाडाला पाणी थांबावं म्हणून बुंध्याभोवती आळं करतो ना, अगदी तसं. आळ्याबाहेर तळव्याची नेहमीची जाड, पिवळट, भेगाळलेली कातडी.

मावशी 58 वर्षांच्या. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, दोन एकर कोरडवाहू वावर, उरलेले दिवस दुसऱ्याच्या निंदणाला नाहीतर कापूस वेचायला. सोबत मोठा मुलगा आला होता.

"काटा मोडला होता जी, तूर सोंगतानी," मावशी म्हणाल्या. "तवापासून हाय हे. दुखत नाई तेवढं. पण मस चालली का रगत लागते चपलेले."

दोन वर्षांत त्या गाठीवर काय काय झालं होतं! शेजारणीने सुईने काटा काढायचा प्रयत्न केला. काटा निघाला नाही, रक्त मात्र थांबता थांबेना. मग बिब्बा तापवून चटका दिला. मग रुईचा चीक. मग मेडिकलमधून कुरपाच्या पट्ट्या आणल्या, पाच-सहा तरी. शेवटी एका डॉक्टरांनी चामखीळ समजून मशीनने जाळली. दोन-तीन महिन्यांत गाठ त्याच जागी, त्याच आळ्यात, पुन्हा उभी.

मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करते. त्वचारोगतज्ज्ञ नाही. पण अशी गाठ सगळ्यात आधी आमच्यासारख्यांकडेच येते, आणि तिचं पुढे काय होणार हे बऱ्याचदा त्या पहिल्या पंधरा मिनिटांत ठरतं. म्हणून हा लेख. मावशींच्या परवानगीने त्यांची गोष्ट सांगते आहे. नाव-गाव सांगायची गरज नाही.

गाठ निघाली ती पोरोमा नावाची. कॅन्सर नव्हे, साधी गाठ. पण "साधी" हा शब्द लिहायला आम्हाला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे कशात गेले, हे समजून घेण्यासारखं आहे.

घामाच्या नळीचं शेवटचं टोक

आपल्या अंगावर घामाच्या साधारण 20 ते 40 लाख ग्रंथी असतात. तळहात आणि तळपाय या दोन ठिकाणी त्यांची दाटी सगळ्यात जास्त. ग्रंथी म्हणजे कातडीच्या खालच्या थरात बसलेलं एक बारीक वेटोळं. तिथून नळी निघते, सरळ वर चढते आणि कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात शिरली की स्क्रूच्या आट्यांसारखे वेढे घेत बाहेर उघडते. ते उघडणारं तोंड म्हणजे घामाचं छिद्र.

या वरच्या, वेढे घेणाऱ्या टोकाच्या भिंतीत ज्या पेशी असतात, त्याच पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशी एका जागी वाढत गेल्या की जी गाठ होते तिला पोरोमा म्हणतात. इंग्रजीत 'पोर' म्हणजे छिद्र. गोल्डमन, पिंकस आणि रोगिन या डॉक्टरांनी 1956 मध्ये तिचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं. बहुतेकदा चाळिशीनंतर येते, बाई-माणूस असा भेद करत नाही, एकटीच असते, सहसा दोन सेंटिमीटरच्या आत राहते. तळपाय आणि पावलाच्या कडा ही तिची आवडती जागा; त्याखालोखाल हात, डोकं, मान, पाठ, कुठेही येऊ शकते.

मुलाने लगेच विचारलं, "म्हणजे आपल्या इकडच्या उनामुळं, घामामुळं झालं का हे?" प्रश्न चांगला आहे. विदर्भात उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो आणि माणूस घामानं निथळतो. पण घाम जास्त आला म्हणून पोरोमा होत नाही. तळव्याच्या ग्रंथी तर उन्हापेक्षा मनाच्या ताणाने जास्त पाझरतात. परीक्षेच्या वेळी पोरांचे तळहात ओले होतात, ते त्यामुळे. पोरोमाचं मूळ पेशीच्या आत सापडलं. 2019 मध्ये जपानच्या संशोधकांनी दाखवलं की बहुसंख्य पोरोमांमध्ये वायएपी-1 नावाचं जनुक तुटून दुसऱ्याच एका जनुकाला जोडलं गेलेलं असतं. ते चुकीचं जोडकाम त्या पेशींना "वाढा" असा निरोप देत राहतं. हे आईबापाकडून आलेलं नसतं आणि मुलांना जातही नाही. त्या एका ठिकाणच्या पेशींपुरतं ते असतं.

मग काट्याचं काय?

काट्याची गोष्ट

आमच्या भागात तळपायाला गाठ घेऊन आलेल्या माणसाला "कशाने झालं?" विचारा. दहातले नऊ जण काट्याचं नाव घेतील. खोटं नसतं ते. बाभळीचा, बोरीचा काटा, तुरीचं धसकट, पऱ्हाटीचं खुंट, असं काही ना काही ज्याच्या पायात गेलं नाही असा शेतमजूर मी तरी पाहिलेला नाही. काटे शंभर मोडतात, त्यातले नव्याण्णव आपण विसरून जातो. ज्या जागी पुढे गाठ येते, तिथला काटा मात्र लक्षात राहतो. मावशींच्या बाबतीत हेच झालं असावं.

तरी काट्याची गोष्ट मी सोडून देत नाही, कारण काट्यामुळे खरोखर होणाऱ्या गाठीही आहेत. मोडलेलं टोक आत राहिलं की शरीर त्याच्याभोवती कडक वेढा घालतं. अशी गाठ दाबली की दुखते, मधूनच पू येतो. इथे एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी: लाकडाचा काटा साध्या एक्स-रेत दिसत नाही. "फोटो काढला, काटा नाही" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. सोनोग्राफीत तो दिसू शकतो. मावशींची सोनोग्राफी केली. आत काटा नव्हता.

काट्यावाटे येणारा दुसरा आजार जास्त वाईट आहे. मातीतली बुरशी किंवा विशिष्ट जिवाणू जखमेतून आत जातात आणि वर्षानुवर्षं पाऊल सुजत राहतं. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून माणूस अंगावर काढतो. मग सुजेला बारीक तोंडं पडतात आणि त्यातून पाण्यासोबत रव्यासारखे कण बाहेर येतात, कधी काळे, कधी पांढरे-पिवळे, कधी लाल. हा मायसिटोमा. मदुराईकडे तो पहिल्यांदा नोंदला गेला म्हणून मदुरा फूट असंही म्हणतात. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या व्हॅनडाइक कार्टर यांनी 1860 च्या सुमारास त्याला मायसिटोमा हे नाव दिलं. अनवाणी शेतात राबणाऱ्यांचा हा आजार, आणि म्हणूनच तो इतका काळ दुर्लक्षित राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं ते थेट 2016 मध्ये. मावशींच्या पायाला ना सूज होती, ना तोंडं, ना कण. तो बाद झाला.

निदान असंच पुढे सरकतं. एक एक नाव समोर धरायचं आणि ते का नाही, हे दाखवायचं.

कुरूप, चामखीळ की आणखी काही

कुरूप म्हणजे दाब पडणाऱ्या जागी कातडीने धरलेला कडकपणा. त्यात लाल मांस नसतं. वरचा थर ब्लेडने अलगद तासला तर मधे काचेसारखा, अर्धपारदर्शक दाणा दिसतो, रक्त येत नाही. सरळ वरून दाबलं की माणूस "आई गं" करतो.

चामखीळ विषाणूमुळे होते. तळव्यावरची चामखीळ आत दबलेली, खरखरीत असते. तिला वरून दाबण्यापेक्षा दोन बोटांच्या चिमटीत धरून बाजूने दाबलं तर जास्त दुखतं. तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात, त्या कुरपावरून पुढे जाताना दिसतात, चामखिळीपाशी मात्र तुटतात. आणि वरचा थर तासला की बारीक काळे ठिपके दिसतात. ते "मूळ" नव्हे, बारीक रक्तवाहिन्यांतलं गोठलेलं रक्त आहे. हे दोन-तीन तपास कुठल्याही डॉक्टरला ब्लेड आणि चांगला उजेड एवढ्यावर करता येतात. मावशींच्या गाठीत ना काचेचा दाणा होता, ना काळे ठिपके. कुरपाच्या पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असतं, ते जाड कातडी मऊ करून काढतं. लाल गाठीवर ती लावून काही साधत नाही, आजूबाजूची चांगली कातडी तेवढी सोलली जाते. बिब्ब्याबद्दल मी जरा कडक बोलते, कारण त्याने भाजलेले पाय मी फार पाहिले आहेत. बिब्ब्याचं तेल कातडीवर फोड आणतं, आणि ज्याला शुगर आहे त्याच्या पायाला अशी जखम झाली तर बोट गमवायची वेळ येते. गाठीवर बिब्बा लावू नका.

लाल, सहज रक्त येणारी गाठ म्हटलं की डॉक्टरांच्या डोक्यात आणखी एक नाव येतं: पायोजेनिक ग्रॅन्युलोमा. म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा एकदम फुटलेला कोंब. लहान मुलांत, गरोदर बायांत, काही लागल्यानंतर तो होतो. दिसायला पोरोमासारखाच, त्यालाही कातडीची किनार असते. फरक वेळेचा. तो दोन-चार आठवड्यांत फुगतो. पोरोमा महिने, वर्षं घेतो. म्हणून "कधीपासून आहे?" या प्रश्नाला नेमकं उत्तर द्या. तारीख आठवत नसेल तर हंगाम सांगा. मावशींनी सांगितलं, "मागच्या तुरीच्या आधीची तूर." मला तेवढं पुरलं.

आता राहिलं ते नाव, ज्याच्यामुळे मुलाची झोप उडाली होती. त्याने मोबाइलवर शोधून एक फोटो आणला होता आणि तो मला आईच्या नजरेआड दाखवला. मेलानोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. गोऱ्या लोकांत तो पाठीवर, पायांवर, उन्हाने भाजलेल्या जागी येतो. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो कमी आहे, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. बहुतेकदा काळा, वेडावाकडा पसरणारा. पण त्याचा एक प्रकार रंगच धरत नाही. गुलाबी, लाल राहतो, आणि पोरोमासारखा दिसू शकतो.

मुलाची भीती खुळी नव्हती. मी त्याला तसं सांगितलंही. त्याचं चुकलं एवढंच की फोटोवरून उत्तर मिळेल असं त्याला वाटलं. ही सगळी नावं फोटोत एकमेकांसारखी दिसतात. वर्षानुवर्षं कातडी बघणारे तज्ज्ञसुद्धा पोरोमाला नुसत्या नजरेने ओळखताना चुकतात.

जांघेत हात लावून बघितलं, अवधाण, म्हणजे तिथली सुजलेली गाठ, नव्हतं. कॅन्सर पसरायला लागला की पायाच्या गाठीची पहिली खूण बऱ्याचदा तिथे मिळते. मग त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी डर्मोस्कोपने पाहिलं. डर्मोस्कोप म्हणजे उजेड असलेलं, दहापट मोठं दाखवणारं हातात धरायचं भिंग. त्यात गाठीच्या आतल्या रक्तवाहिन्यांची नक्षी दिसते. मावशींच्या गाठीत वेटोळ्या घातलेल्या आणि पानाफुलांसारख्या फांद्या फुटलेल्या वाहिन्या होत्या, त्यांच्यामधून पांढरट पट्टे. ही नक्षी पोरोमाकडे बोट दाखवते. पण बोट दाखवणं वेगळं आणि खात्री देणं वेगळं. खात्रीसाठी गाठ काढून तपासावीच लागते.

ज्या भीतीचं नाव कोणी घेतलं नाही

तपासता तपासता मी मावशींना डोळे मिटायला सांगितलं आणि बॉलपेनच्या टोकाने तळव्यावर, पावलावर, पोटरीवर हलकेच स्पर्श करत गेले. जिथे लागेल तिथे बोट ठेवायला सांगितलं. सगळ्या जागा बरोबर दाखवल्या. मग कोपराच्या मागची नस, कानाच्या पाळ्या, चेहरा पाहिला.

हे कशासाठी, ते मी बोलले नाही. मावशींनी मात्र ओळखलं आणि त्या गप्प झाल्या.

विदर्भाला कुष्ठरोग काही नवा नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये कुष्ठधाम सुरू केलं, सेवाग्रामात गांधीजींनी परचुरे शास्त्रींची स्वतःच्या हाताने शुश्रूषा केली, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापली आणि आनंदवन उभं केलं. एवढं मोठं काम याच मातीत झालं, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आजार पूर्ण बरा होतो. तरीही गावात कोणाच्या अंगावर वेगळं काही उठलं की कुजबुज सुरू होते. माणूस दवाखान्यात उशिरा येतो तो पैशापेक्षा या कुजबुजीला भिऊन.

कुष्ठरोगात फिकट किंवा लालसर चट्टा असतो आणि तिथली जाणीव कमी झालेली असते. काही प्रकारांत गाठी येतात, पण त्या बहुधा चेहऱ्यावर, कानाच्या पाळीवर, आणि अनेक. जाणीव गेलेल्या तळव्याला जखमा होतात, त्या खोल खड्ड्यासारख्या असतात. मावशींच्या तळव्याला सगळं कळत होतं. नसा जाड नव्हत्या. कुष्ठरोगाची एकही खूण नव्हती. तेव्हा मी ते मोठ्याने सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, आणि ते नंतर माझ्या लक्षात आलं.

बाटली

गाठ काढायची हे ठरलं. मावशींच्या डोक्यात दुसरीच अडचण: "हत्यार लागलं का भडकते म्हनतात." हे मी रोज ऐकते. साध्या गाठीला चिरा दिला म्हणून तिचा कॅन्सर होत नाही. ज्यांची गाठ मुळातच कॅन्सरची होती आणि फार उशिरा कापली, त्यांचं पुढे जे झालं ते लोकांनी पाहिलं आणि दोष हत्याराला दिला.

भूल देताना तळव्यात थेट सुई मारली तर माणूस कळवळतो. त्याऐवजी आतल्या घोट्याच्या मागे, जिथून तळव्याची नस जाते, तिथे इंजेक्शन देतात. तळवा बधिर होतो. गाठ, तिच्या कडेची थोडी चांगली कातडी आणि खालचा थोडा भाग असा एकसंध तुकडा काढला. वीसेक मिनिटांचं काम. गाठ लहान असेल तर अशी पूर्णच काढतात. मोठी असेल तर आधी चार मिलिमीटरचा गोल तुकडा "पंच" नावाच्या गोल धारेच्या हत्याराने घेतात.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे ते. काढलेला तुकडा हेच निदान आहे. तो फेकला तर निदान फेकलं.

हे मी दुसऱ्यांना शिकवायला सांगत नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात, मी तेव्हा ज्या छोट्या दवाखान्यात होते तिथे, एका शेतकऱ्याच्या बोटावरची अशीच लाल गाठ मी काढली. साधीच दिसत होती. तपासणीचे पैसे वाचतील म्हणून पाठवली नाही, दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली. आठ महिन्यांनी तो माणूस परत आला. त्याच जागी, पहिलीपेक्षा मोठी. त्याने विचारलं, "डॉक्टर, मागची कायची होती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या वेळी काढलेली तपासायला पाठवली आणि रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. पायोजेनिक ग्रॅन्युलोमा निघाला, निभावलं. पण त्या माणसाने आठ महिने ज्या प्रश्नासोबत काढायला नको होते, ते माझ्यामुळे काढले. तेव्हापासून माझ्या हातून निघालेली एकही गाठ तपासल्याशिवाय राहिलेली नाही.

तुकडा ठेवतात तो 10 टक्के फॉर्मलीनमध्ये. सलाइनमध्ये नाही, पाण्यात नाही, स्पिरिटमध्ये नाही. पाण्यात किंवा सलाइनमध्ये तुकडा तासाभरात सडायला लागतो आणि पेशी ओळखू येत नाहीत. फॉर्मलीन तुकड्याच्या दहापट तरी हवं. बाटली रुंद तोंडाची हवी. ताजा तुकडा मऊ असतो, इंजेक्शनच्या कुपीतही जातो, पण फॉर्मलीनने कडक झाला की तिथून बाहेर निघत नाही आणि काढताना चुरा होतो. नाव बाटलीवर लिहायचं, झाकणावर नाही, झाकणं बदलतात. आणि सोबतच्या चिठ्ठीत वय, जागा, किती दिवसांपासून, आधी जाळली होती का, हे सगळं. तुम्ही पेशंट असाल किंवा पेशंटचा मुलगा असाल तर हे पाहायचा, विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. "गाठ तपासायला पाठवली का?" एवढा एक प्रश्न विचारा. सरकारी मेडिकल कॉलेजात ही तपासणी नाममात्र पैशांत होते.

मावशींची बाटली मुलगा स्वतः घेऊन गेला. एसटीत मांडीवर धरून.

लॅबमध्ये तुकड्यातलं पाणी अल्कोहोलने काढून घेतात, तो वितळलेल्या मेणात भिजवतात आणि मेणाच्या वडीसकट त्याचे तीन ते पाच मायक्रॉनचे काप करतात, म्हणजे केसाच्या जाडीचा पंधरावा-विसावा भाग. दोन रंग देतात: पेशीचं केंद्र निळं-जांभळं होतं, बाकीचा भाग गुलाबी. मग पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपला डोळा लावतात.

नंतर एकदा त्यांनी मला मावशींच्या गाठीचा काप लावलेली काच दाखवली. वरच्या थरातल्या नेहमीच्या पेशी मोठ्या, गुलाबी. त्यांच्यातून एकदम लहान, एकसारख्या, गोलसर पेशींचे रुंद पट्टे खाली उतरलेले. तुरीच्या डाळीच्या ढिगाला लागून मोहरीचा ढीग ओतावा आणि दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत, असं. मोहरीच्या ढिगात मधूनमधून बारीक गोल पोकळ्या, आतून गुलाबी अस्तर लावलेल्या: घामाच्या नळ्या व्हायचा प्रयत्न. ती पोकळी दिसली की पोरोमा म्हणायला धीर येतो. आजूबाजूला भरपूर रक्तवाहिन्या, म्हणून गाठ लाल आणि म्हणून रक्त.

"आता कड बघा," ते म्हणाले. कड हीच सगळ्यात मोठी गोष्ट. आपल्याकडे वावराला धुरा, म्हणजे बांध, असतो. साधी गाठ वाढते, खाली उतरते, शेजाऱ्याला ढकलते, पण धुरा राखते. कॅन्सर धुरा फोडून शेजारच्या वावरात घुसतो, एकेक पेशी सुटी होऊन पुढे जाते. पोरोमाचं कॅन्सरचं भावंडही आहे, पोरोकार्सिनोमा. दुर्मीळ आहे, पण कधी कधी वर्षानुवर्षं जुन्या पोरोमातूनच तो निघतो. त्यात पेशी लहान-मोठ्या, वेड्यावाकड्या होतात, विभागणाऱ्या पेशी फार दिसतात, मधला भाग मरतो आणि धुरा उरत नाही. एखादी जुनी शांत गाठ अचानक भराभर वाढायला लागली, फुटून व्रण झाला, दुखायला लागली, तर उद्यावर टाकू नका, वेचणी चालू असली तरी.

रिपोर्टचा कागद

रिपोर्ट बाराव्या दिवशी आला. इंग्रजीत. मुलाने पहिल्याच ओळीत "ट्यूमर" वाचलं आणि पांढरा पडला. ट्यूमर म्हणजे फक्त गाठ, चांगली की वाईट हे त्या शब्दात नाही. ते पुढच्या शब्दात असतं: बिनाइन म्हणजे साधी, मॅलिग्नंट म्हणजे कॅन्सरची. "नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी" म्हणजे कॅन्सरची खूण नाही. यातला शेवटचा शब्द वाचून घाबरू नका, आधीचा "नो" वाचा. कागदाच्या तळाशी "इम्प्रेशन" असतं, निकाल तिथे असतो. आणि "मार्जिन फ्री" म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत गाठ पोचलेली नाही, पूर्ण निघाली. अर्धवट निघालेला पोरोमा परत येतो. जाळल्यावर मावशींचा आला, तो त्यामुळेच.

तळव्याचे टाके लवकर काढत नाहीत. तिथली कातडी जाड आणि त्यावर अख्ख्या अंगाचा भार, म्हणून दोन ते तीन आठवडे. मावशींचे एकविसाव्या दिवशी काढले. पाऊस सुरू व्हायच्या आत सगळं उरकलं हे बरं झालं. चिखलात ती जखम सांभाळणं अवघड गेलं असतं.

मावशींना वाचता येत नाही. रिपोर्ट त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत, सातबारा आणि रेशनकार्डाच्या मधे ठेवायला काढला, तेव्हा मी तो मागून घेतला आणि मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: "डाव्या तळपायाची गाठ. घामाच्या नळीची साधी गाठ, पोरोमा. पूर्ण काढली. कॅन्सर नाही." खाली तारीख, सही.

वाचून दाखवलं. मावशींनी मान हलवली. मुलगा औषधं घ्यायला बाहेर गेला होता. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि कागद परत माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम, महारोग नाई, असं बी लिहा जी त्याच्यात. गावात दाखवाले होते."

मी लिहिलं.